आधी बाईंचा आवाज ऐक

अगं, पोर अजून तीन वर्षांची व्हायचीय आणि तू आतापासून नर्सरीच्या फीचे आकडे जमवत बसलीस! घालमेल कळते गं मला. टाय, बूट, दारात येणारी पिवळी व्हॅन बघितली की वाटतं, इथं घातली म्हणजे पोरीचं कल्याणच झालं. पण घाई करू नकोस.

तू राहतेस त्या डहाणूच्या मुलखात लहान पोरांच्या शाळेचा केवढा विचार झालाय, ठाऊक आहे ना? १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत उभ्या राहिल्या. माँटेसरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, खडे, पानं, जे आसपास मिळेल त्यातून मोजायला, लावायला, जुळवायला शिकवलं. पोरं बालवाडीत येईनात तेव्हा बाईच वस्तीतल्या अंगणात जाऊन बसल्या, तीच अंगणवाडी. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली पोरं गुरांमागे जायची, तर शाळा कुरणात भरली. मूल आहे तिथं, आहे तसं शाळेनं गाठायचं, हे त्यांनी आपल्या डहाणूत करून दाखवलं. तू शाळा बघायला जाशील ना, तेव्हा हेच मनात ठेवून जा.

आणि न कळवता जा. सकाळी अकराच्या सुमारास, पोरं भुकेजलेली, किरकिरी झालेली असतात तेव्हा. आधी बाईंचा आवाज ऐक. कुणी पाणी सांडलं तर त्या काय करतात? पोरांशी बोलताना खाली बसतात की वरूनच हाका मारतात? संडास बघ, नळाला पोरीचा हात पोचतो का बघ, चड्डी ओली झाली तर कोण बदलतं ते स्पष्ट विचार. लाजू नकोस.

भाषेचं तर मला फार वाटतं. तलासरीकडे एकाच खोलीत वारली बोलणारं, गुजराती बोलणारं आणि मराठी बोलणारं मूल मांडीला मांडी लावून बसलेलं असतं. एखादं पोर घरच्या बोलीत काही सांगत आलं, तर बाई त्याचं ऐकून घेतात की शब्द सुधारत बसतात, एवढ्यावरून मी तरी शाळा ठरवीन. आपल्या घरात मराठी आहे, तर या वयात पोरीला मराठीतच बोलू दे, भांडू दे. इंग्रजी येईल मागून.

तिसऱ्या वर्षी चार रेघांची वही आणि गृहपाठ देत असतील तर तिथून सरळ नीघ. त्या बोटांना अजून माती मळायचीय, मणी ओवायचेत, कागद फाडायचेत. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा पहिलीला सहा वर्षं पूर्ण धरतं आणि त्याआधीची तीन वर्षं खेळातून शिकण्याची मानतं. मग कुणाशी शर्यत लावायचीय आपल्याला?

पाड्यावरची अंगणवाडी तर तू बघितलीसुद्धा नाहीस. तिथं पोरं फक्त खिचडी खायला जातात, हे सासूबाईंचं ऐकलेलं. सगळ्याच चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. सेविकेच्या मागे वजनं, लसीकरण, नोंदी असं बरंच असतं. त्यातून ती पोरांशी गाणी-गोष्टी करत असेल, तर चालत जाण्याच्या अंतरावरची ती अंगणवाडी मला हायवेवरून व्हॅनमध्ये कोंबून नेण्यापेक्षा शंभरदा बरी. पावसाळ्यात तर विचारूच नकोस.

आणि पहिले आठ-दहा दिवस आईला आत बसू देतात का, हे आधी विचार. नाही म्हणाले तर फीचा आकडा विचारायचं कारणच उरत नाही.