रानमेव्याची कोशिंबीर

वैशाखाचे ऊन तापू लागले, की कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकूर व कातकरी स्त्रिया पनवेलच्या बाजारात टोपल्या मांडून बसतात. पानांच्या द्रोणांत काळीभोर करवंदे व टपोरी जांभळे असतात. या फळांची उन्हाळी कोशिंबीर फार रुचकर होते.

प्रथम एक लिटर दूध उकळून त्यात दोन मोठे चमचे लिंबाचा रस थोडा थोडा घालावा. आम्लामुळे दुधातील केसीन नावाचे प्रथिन गोठते व पाणी निराळे होते. ते फडक्यात गाळून घटकाभर टांगावे. वजनाखाली दाबू नये, म्हणजे पनीर मऊ राहते. उरलेल्या पाण्यात कणीक भिजवावी. धुतलेली करवंदे, बिया काढलेली जांभळे व पिकल्या आंब्याच्या फोडी एकत्र करून त्यांवर पनीर कुस्करावे. मीठ व जिरेपूड घालून कोशिंबीर लगेच खावी. चिरलेली फळे व पनीर उन्हाळ्यात लवकर नासतात.

ही फळे कोणी पेरलेली नसतात, म्हणून ती फुकटची आहेत असे समजून काही जण भाव पाडतात. परंतु पहाटे डोंगर चढून, काटेरी जाळ्यांत हात घालून ती एकेक वेचलेली असतात. द्रोणाचे पैसे देताना त्या हातांवरील ओरखडे आठवावेत.