परदेशी लिलावातलं तंजावरचं चित्र : पैसे कसे पाठवावेत?

प्रश्न : आमचं घराणं पिढ्यानपिढ्या तंजावरात आहे, घरात आजही मराठीच बोलतो. इंग्लंडमधल्या एका ऑनलाइन लिलावात 'तंजावर, सुमारे १८२०' असं लिहिलेलं विणकर जोडप्याचं जलरंगातलं चित्र निघालं आहे. विक्रेता म्हणतो, लिलावाबाहेर थेट माझ्या बँकेत पैसे भरा, १० टक्के कमी करतो. पैसे बुडू नयेत म्हणून काय करावं?
– एक वाचक, तंजावर

उत्तर : त्या १० टक्क्यांच्या मागे लागू नका. विक्रेत्याने तुम्हाला संकेतस्थळाबाहेर नेलं की त्या संकेतस्थळाची हमीही तिथेच संपते. ईबेसारख्या ठिकाणी पैसे परत मिळण्याची हमी असते, पण ती त्यांच्याच मार्गाने भरलेल्या पैशांना. बँकेतून स्विफ्टने गेलेली रक्कम समोरच्या खात्यात जमा झाली की विक्रेत्याच्या संमतीशिवाय ती परत आणणं जवळजवळ अशक्य. परदेशी पैसे पाठवताना बँकेला ए-२ फॉर्म आणि पॅन दिलेला असला, तरी त्यातून व्यवहार नियमाला धरून झाला एवढंच दिसतं. समोरचा माणूस खरा आहे की नाही, हे त्या कागदांवरून कळत नाही.

सामान्य खरेदीदाराला क्रेडिट कार्ड सर्वांत बरं. वस्तू आली नाही किंवा भलतीच आली, तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कापलेले पैसे परत, मागता येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवं कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंद अवस्थेतच हाती येतं. बँकेच्या ॲपमधून ते चालू करा, मर्यादा बोलीपुरतीच ठेवा आणि पैसे गेले की पुन्हा बंद करा. आळस करू नका, कारण अनेक परदेशी संकेतस्थळं ओटीपी न मागताच पैसे कापतात.

पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, तरी परदेशी विक्रेत्याला पैसे देता येतात, आणि पैसे भरल्यापासून १८० दिवसांत तक्रार करता येते. मात्र लंडनला एखादा भाचा असेल तर त्याला 'फ्रेंड्स अँड फॅमिली'मधून पैसे द्यायला सांगू नका. त्या प्रकारात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नाही.

नावाजलेली लिलावगृहं मोठ्या रकमा बँकेतूनच घेतात. तिथे बिलावरचा खातेक्रमांक फोन करून ताडून बघा, आणि फोन नंबर त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या, आलेल्या ईमेलमधून नव्हे. मधल्या मध्ये बिल बदलून पैसे लुटण्याचे प्रकार जगभर घडतात. हिशेबही आधी मांडा. बोलीच्या वर लिलावगृहाचं शुल्क असतं, बहुतेक मोठ्या ठिकाणी २५ टक्के किंवा त्याहून अधिक. त्यावर विमा, वाहतूक, चलनबदलाचं शुल्क आणि इथलं सीमाशुल्क. उदाहरणार्थ, महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी सदबीजच्या लिलावात मध्यस्थामार्फत मिळवली. तिचा वाहतूक आणि विम्यासह खर्च ४७ लाख १५ हजार रुपये झाला. आणि विक्रेता 'पार्सलवर भेटवस्तू लिहितो, किंमत कमी दाखवतो' म्हणाला तर साफ नकार द्या. परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंची करमाफी डिसेंबर २०१९ मध्येच गेली, आणि पार्सल हरवलं तर विमा दाखवलेल्या किमतीचाच मिळतो.

हे सगळं सांभाळलंत तरी तुमच्या चित्राबाबत मला मोठी काळजी वेगळीच वाटते. तंजावरच्या वस्तूंना चोरीचा इतिहास आहे. सरस्वती महाल ग्रंथालयातलं सरफोजी राजे आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांचं चित्र अमेरिकेतल्या सेलम गावच्या पीबॉडी एसेक्स संग्रहालयात सापडलं. संग्रहालयाने ते २००६ मध्ये सुभाष कपूर या विक्रेत्याकडून ३५,००० डॉलरला घेतलं होतं आणि २०१५ मध्ये अमेरिकी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केलं. याच कपूरकडून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तामिळनाडूतल्या श्रीपुरंतानच्या देवळातून चोरलेला नटराज २००८ मध्ये घेतला, ५० लाख डॉलर मोजले, आणि २०१४ मध्ये मूर्ती भारताला परत दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कपूरला १० वर्षांची शिक्षा झाली, ती तुमच्या जिल्ह्यातल्या कुंभकोणमच्या न्यायालयात. या खरेद्यांत पैसेही पोचले होते, वस्तूही पोचली होती. चोरी उघड व्हायला मात्र वर्षं लागली, आणि १८० दिवसांची मुदत अशा वेळी काय कामाची?

दुसरी अडचण कायद्याची. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं चित्र खासगी माणसाला भारताबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा चित्राची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे नोंदही करावी लागते. विक्रेते मात्र पैसे परत देताना वस्तू परत मागतात. म्हणजे चित्र खरंच १८२० चं निघालं, पण वर्णनाहून खराब किंवा कुठे तरी फाटलेलं असलं, तर ते परत पाठवायची वाट कायद्यानेच बंद आहे. नकली निघालं तरी ते पुरावस्तू नाही असा दाखला मिळाल्याशिवाय पाठवणं अवघड. म्हणून तपासणी पैसे भरण्याआधीच व्हायला हवी.

ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी तंजावरच्या चिताऱ्यांनी जातीजमातींच्या आणि व्यवसायांच्या जोड्यांचे संच युरोपियन कागदावर रंगवले. त्यांतले पुष्कळ रीतसर विलायतेला गेले, त्यामुळे तुमचं चित्र निर्दोषही असू शकेल. विक्रेत्याकडे चित्राच्या मागच्या बाजूचा आणि चारही कडांचा मोठा फोटो मागा. कडेला शिलाईची भोकं असली तर पान एखाद्या बांधलेल्या संचातून निघालेलं आहे, आणि बाकीची पानं कुठे गेली हे विचारायला हवं. ग्रंथालयाचा शिक्का, खोडलेला क्रमांक, खरवडलेली जागा दिसली तर थांबाच. चित्र भारताबाहेर कधी गेलं याचा कागद मागा : जुन्या लिलावाची यादी, घराण्याचं पत्र, आधीच्या दुकानाची पावती. इंटरपोलच्या मोफत 'आयडी-आर्ट' ॲपमध्ये फोटो टाकून चोरीच्या नोंदींशी ताडून पाहा.

ही विचारणा आजच ईमेलने करा आणि लिलावाच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. कागद आले आणि समाधान झालं, तर लिलावातच बोली लावा, कार्डानेच भरा. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर चित्र सोडून द्या, आणि मागे शिक्का किंवा खाडाखोड दिसली तर फोटो तामिळनाडू पोलिसांच्या मूर्तीचोरी विभागाला पाठवा.