आपला जिल्हा आणि खाडीचे पाणी

ठाणे हा समुद्रकिनाऱ्याचा जिल्हा, असे आम्ही शाळेत वर्षानुवर्षे शिकविले. पुढे 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू, पालघर, वसई तिकडे गेली. आपल्याकडे उरला तो भाईंदरजवळ उत्तनचा एवढासा किनारा. "मग गुरुजी, आपला जिल्हा किनाऱ्याचा कसा?" घोडबंदर रोडवरच्या वर्गात एका बाईंनी आम्हांला विचारले.

प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर रस्त्याच्या कडेलाच आहे. ठाण्याहून घोडबंदरकडे निघा. डाव्या हाताला येऊरचे डोंगर, उजव्या हाताला खाडी. मधल्या पट्टीत माजिवडे, कासारवडवली, ओवळे ही गावे. गायमुखाला तर डोंगर आणि खाडी अगदी जवळ येतात. पुढे घोडबंदर. येथे गलबतांतून घोडे उतरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. तिथला पोर्तुगीजांचा किल्ला मराठ्यांनी 1737 साली घेतला.

ही खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख. नदी सह्याद्रीतून निघून कर्जत, बदलापूर, कल्याण करीत येते. समुद्र दिवसातून दोन वेळा आत शिरून तिला भेटतो.

तो केव्हा येणार, हे कोळी लोक तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता. दुसरी भरती बारा-साडेबारा तासांनी. खाडीत आतवर पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढा धरावा. (आमच्या लहानपणी पाऊणकी पाठ नसली तर छडी बसे. तिचा हा उपयोग कोणी सांगितला नव्हता!) अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला लहान, तो भांग.

पावसाळ्यात हा हिशेब फार कामाचा. डोंगराचे पाणी नाल्यांनी खाडीकडे धावते. खाडी भरतीने भरलेली असली की नाले मागे तुंबतात. 26 जुलै 2005 रोजी मोठा पाऊस आणि भरती एकदम आली. कल्याण-बदलापुरात उल्हास नदी घरांत शिरली. तिवरांची झाडी आणि खाजणे ही भरतीच्या पाण्याची बसायची जागा. तिथे भराव पडला की तेच पाणी वस्तीत जागा शोधते.

त्या बाईंची खोली नाल्याला लागून आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांनी तिथ्या स्वतः वाचल्या, आणि आषाढी अमावास्येला पेन्सिलीने गोल केला. त्या दिवशी धान्याचा डबा माळ्यावर चढवायचा, असे त्यांनी आम्हांला सांगितले.