बिल्डर क्लास : राउटरला रस्ता सांगताना



अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात क्लास आणि ऑब्जेक्ट शिकवताना आपण बहुतेक वेळा 'विद्यार्थी' हेच उदाहरण घेतो : नाव, हजेरी क्रमांक, गुण. एवढ्याशा ऑब्जेक्टसाठी वेगळा बिल्डर क्लास कशाला, असं मुलं विचारतात. त्यांचं बरोबरच आहे. बिल्डरची गरज कळायला उदाहरणच तसं हवं, म्हणून आज राउटर घेऊ.

तलासरीहून डहाणूला निघालेल्या पाहुण्याला आपण काय सांगतो? "महामार्गाने चारोटी गाठा, तिथून पश्चिमेला वळा, पुढचं तिथे विचारा." राउटरही एवढंच करतो. आलेलं पाकीट कुठे जायचंय ते बघतो आणि पुढच्या टप्प्याकडे ढकलतो. त्यासाठी त्याच्याकडे मार्गांची यादी असते. प्रत्येक मार्गात कुठे जायचं, पुढचा टप्पा कोणता, कोणत्या दारातून बाहेर पडायचं आणि पसंती किती, हे लिहिलेलं असतं. पसंतीचा आकडा जितका लहान तितका मार्ग आधी. या आकड्यालाच मेट्रिक म्हणतात.

समजा, तलासरीच्या एका पाड्यावरच्या शाळेत दोन जोडण्या आहेत. एक ग्रामपंचायतीत आलेल्या भारतनेटच्या फायबरवरून, दुसरी मोबाइलच्या सिमवर. (ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची ही योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, भारतनेट हे नाव नंतरचं. आपल्याच पालघर जिल्ह्यात खामलोली परिसरात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरूनही इंटरनेट पोहोचवून पाहिलं आहे.) फायबर चालू असेल तर तिकडून जायचं, नाहीतर सिमवरून. म्हणजे मार्ग दोन झाले.

हा मार्ग साध्या पद्धतीने बनवला तर एका कंसात ओळीने चार-पाच किमती द्याव्या लागतात. त्यात आपला पत्ता आणि पुढच्या टप्प्याचा पत्ता दिसायला सारखेच. त्यांची अदलाबदल झाली तरी संगणक हूं की चूं करत नाही. बिल्डरमध्ये प्रत्येक किमतीला नाव मिळतं :

मार्ग = (मार्गबिल्डर()
  .कुठे("०.०.०.०/०")
  .आपला_पत्ता("१०.२०.५.२/२४")
  .पुढचा_टप्पा("१०.२०.५.१")
  .दार("फायबर")
  .पसंती(१०)
  .तयार_करा())

पायथॉन ३ मध्ये अशी देवनागरी नावं खरोखर चालतात. आकडे मात्र प्रोग्रॅममध्ये इंग्रजी अंकांतच टाका. '०.०.०.०/०' म्हणजे 'बाकी सगळीकडे'.

आता कुणी म्हणेल, पायथॉनमध्ये कंसातच प्रत्येक किमतीला नाव देता येतं, मग बिल्डर कशाला? नुसत्या नावांसाठी नकोच. खरी गंमत शेवटच्या पायरीत आहे. 'तयार_करा' होईपर्यंत मार्ग अस्तित्वातच नसतो, फक्त जमवाजमव चालू असते. ही पायरी सगळ्या किमती एकमेकींशी ताडून बघते. पुढचा टप्पा चुकून १०.२०.६.१ लिहिला तर पत्ता म्हणून तो बिनचूक आहे. पण आपलं जाळं १०.२०.५ चं, त्या दारातून तो टप्पा थेट गाठताच येत नाही. बिल्डरने इथेच थांबून "पुढचा टप्पा आपल्या जाळ्यात नाही" असं स्पष्ट सांगायचं आणि ऑब्जेक्ट द्यायचंच नाही. एकदा दिलेलं ऑब्जेक्ट पुढे बदलता येऊ नये, तेही पाहायचं.

हा काटेकोरपणा कशासाठी? शाळेचा राउटर बहुधा डहाणूत किंवा त्याहून लांब बसलेला माणूस इंटरनेटवरूनच सांभाळतो. त्याने चुकीचा मार्ग टाकला की शाळेचं इंटरनेट तर जातंच, पण ज्या वाटेने तो चूक सुधारणार होता ती वाटही बंद होते. मग ऐन पावसाळ्यात कुणाला तरी पाड्यावर जावं लागतं, आणि नेमकी शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख जवळ आलेली असते.

वर्गात हे संगणकाशिवायही घेता येतं. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पानं, बिया, शंख-शिंपल्यांतून शिकवलं. आपल्याला पुठ्ठ्याची कार्डं पुरतील. चार मुलांनी एकेक कार्ड भरायचं, पाचव्याने 'तयार_करा' व्हायचं. कार्डं एकमेकांशी जुळत नसतील तर त्याने ती परत करायची आणि कारण सांगायचं. नुसतं "चूक आहे" म्हटलेलं चालणार नाही. आमच्या मते सगळ्यात अवघड काम या पाचव्या मुलाचं, म्हणून प्रत्येकाला ते एकदा मिळू द्या.

एक प्रश्न हुशार मुलं हमखास काढतात : फायबरची तार शाळेत जोडलेली आहे, पण पलीकडे ती कुठेतरी तुटली, तर? तार जोडलेली दिसते म्हणून राउटर फायबरचाच मार्ग धरून बसतो, सिमकडे वळत नाही. हे बिल्डरला कळणं शक्य नाही. तो मार्ग नीट लिहिलाय का एवढंच तपासतो, पलीकडे कुणी उत्तर देतंय का ते नाही. त्यासाठी ठरावीक वेळाने हाक मारून बघणारा वेगळा प्रोग्रॅम लागतो. तो पुढच्या धड्यात लिहू.