औषधी भुकटीतील मूळ औषधाचे शेकडा प्रमाण

द्राक्षावरील भुरी आटोक्यात ठेवण्यासाठी पाण्यात मिसळणारे गंधक फवारण्याची पद्धत बागाईतदारांच्या परिचयाची आहे. तथापि डब्यातील सर्वच भुकटी गंधक नसते. ते पाण्यात पसरावे व पानांस चिकटावे म्हणून तीत इतर पदार्थही घातलेले असतात. शंभर भाग भुकटीत मूळ औषध किती भाग आहे, हे डब्यावरील शेकडा आकडा सांगतो.

एका बागाईतदारास ८० टक्के गंधकाची २५ ग्रॅम भुकटी १० लिटर पाण्यात मिसळण्यास सांगितले होते. दुकानात त्यास ४० टक्क्यांची भुकटी मिळाली. त्याने तीही २५ ग्रॅमच घेतली. भुरी घडांवर पसरली आणि दोष औषधास दिला गेला. वस्तुतः चूक हिशेबाची होती.

रीत : मूळ औषधाचे वजन भागिले संपूर्ण मिश्रणाचे वजन, गुणिले १००.

उदाहरण १ ले. ८० टक्क्यांच्या २५ ग्रॅम भुकटीत २५ × ८० ÷ १०० = २० ग्रॅम गंधक असते. १० लिटर पाण्याचे वजन सुमारे १०,००० ग्रॅम. म्हणून फवाऱ्यात गंधकाचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के पडते. ४० टक्क्यांच्या भुकटीत गंधक १० ग्रॅमच भरते व प्रमाण ०.१ टक्क्यावर, म्हणजे निम्म्यावर येते. तेवढेच गंधक मिळण्यास ही भुकटी ५० ग्रॅम घ्यावयास हवी होती.

उदाहरण २ रे. शिल्लक राहिलेली ८० टक्क्यांची ६ किलो व ४० टक्क्यांची ४ किलो भुकटी एकत्र झाली, तर मिश्रणाचे प्रमाण किती? पुष्कळजण ८० व ४० यांची सरासरी काढून ६० सांगतात. ते बरोबर नाही, कारण दोहोंची वजने सारखी नाहीत. पहिलीत ४.८ किलो व दुसरीत १.६ किलो, मिळून ६.४ किलो गंधक आहे. एकूण मिश्रण १० किलो. म्हणून प्रमाण ६४ टक्के. आता २० ग्रॅम गंधक हवे असल्यास २० × १०० ÷ ६४ = ३१.२५ ग्रॅम मिश्रण तोलून घ्यावे.

दक्षता : निरनिराळी औषधे एकत्र करू नयेत. वरील हिशेब एकाच औषधाच्या, एकाच प्रकारच्या भुकटीस लागू आहे. भुकटी मुठीने वा चमच्याने न मोजता काट्यावर तोलावी. अधिक औषध म्हणजे अधिक गुण, असे समजू नये. कडक उन्हात गंधकाने पाने करपतात. फवारणीच्या वेळी नाकातोंडावर फडके बांधावे व नंतर हात साबणाने धुवावेत.

ग्रामसेवकांनी शिफारस सांगताना केवळ ग्रॅम न सांगता डब्यावरील टक्केही सांगावेत, आणि शेतकरी बंधूंनी डबा घेतानाच तो आकडा वाचून घ्यावा.

स्वाध्याय : ८० टक्क्यांची ५ किलो व ४० टक्क्यांची ३ किलो गंधकाची भुकटी एकत्र केल्यास प्रमाण किती? २० ग्रॅम गंधकासाठी किती मिश्रण घ्यावे?

(उत्तर : ६५ टक्के, सुमारे ३१ ग्रॅम.)