मुळांशीं पाणी : मडक्याचा पाठ

उन्हाळ्यांत परसांतील वांग्यामिरच्यांचीं रोपें कोमेजूं लागलीं म्हणजे आपण आळ्यांत घागरभर पाणी ओततों. सायंकाळपर्यंत माती पुन्हा कोरडी होते व झाड पुन्हा मान टाकतें. तें पाणी कोठें गेलें? पुष्कळसें उन्हावाऱ्यानें उडालें, कांहीं तणानें घेतलें, आणि मुळांच्या वांट्यास थोडेंच आलें.

आपल्या भागांत असें पाणी दवडणें परवडणारें नाहीं. इ. स. २०१६ सालीं मांजरा धरण आटलें, तेव्हां लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं पहिली गाडी सुमारें ५ लक्ष लिटर पाणी घेऊन आली. नांदेडास गोदावरी आहे खरी. परंतु नदीपासून दूर, कंधार-मुखेडकडील माळावरच्या गांवांस तिचा काय उपयोग? तेथें डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या आपल्या माताभगिनींस एकेका घागरीचें मोल ठाऊक आहे.

यास्तव पाणी वरून न ओततां जमिनीच्या पोटांत, मुळांजवळ द्यावें. ही युक्ति फार जुनी आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं चीन देशांतील फान शेंगझी या ग्रंथकारानें मडकें पुरून त्याभोंवतीं वेल लावण्याची रीत लिहून ठेविली. इ. स. १९७० नंतरच्या दशकांत हरियाणांतील कर्नाल येथील मृद लवणता संशोधन संस्थेंतही तिचा अभ्यास झाला.

कृति अशी : कुंभाराकडून पांच ते दहा लिटरांचें, रोगण न लावलेलें मडकें आणावें. त्यांत पाणी भरून ठेवावें. दुसऱ्या दिवशीं तें बाहेरून ओलसर लागलें तर कामाचें समजावें. मडक्याहून बराच रुंद खड्डा खणून, गळा दोन बोटें वर राहील असें तें पुरावें. भोंवतीं कुजलेलें शेणखत मिसळलेली माती भरावी. आपली काळी माती भिजली कीं फुगते व वाळली कीं भेगाळते, त्यामुळें मडकें फुटण्याचें भय असतें. म्हणून तींत थोडी वाळूही मिसळावी. मग पाणी भरून तोंडावर झांकण ठेवावें, म्हणजे पाणी उडणार नाहीं व त्यांत डांस अंडीं घालणार नाहींत.

मडक्यापासून वीतभर अंतरावर टोमॅटो, मिरची, दोडका किंवा कारलें यांचीं तीन-चार रोपें लावावीं. मुळें मडक्याकडे पोंचेपर्यंत पहिले आठ-दहा दिवस वरूनही थोडें पाणी द्यावें. पुढें मडकें निम्में रिकामें झालें कीं पुन्हा भरावें. माती कोरडी असतां ती मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी ओढून घेते. ओली झाली कीं ओढ मंदावते. अशा रीतीनें झाडास लागेल तेवढेंच पाणी झिरपतें. मात्र मोठ्या वृक्षाजवळ मडकें पुरूं नये. त्याच्या जाड मुळ्यांनीं तें फुटतें.

मडकें नसेल त्यानें प्लास्टिकच्या बाटलीचें बूड कापावें, झांकणास दाभणानें दोन बारीक छिद्रें पाडावीं, आणि बाटली उलटी करून मुळाशीं रोंवावी. दोन्ही रीतींत वाफ्यावर सोयाबीनचें भुसकट किंवा पालापाचोळा चार बोटें जाड पसरावा.

एक सावधगिरी राखावी. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्यानें मडक्याचीं छिद्रें कालांतरानें बुजतात. झिरपणें मंदावल्यास मडकें काढून घासावें, न सुधारल्यास बदलावें. साबणाचें सांडपाणी त्यांत घालूं नये.

आमची विनंती इतकीच कीं, प्रत्येक घरानें यंदा निदान एक मडकें पुरून पाहावें, व शेजारीं तितकींच रोपें नेहमींच्या रीतीनें वाढवून दोहोंस किती घागरी लागल्या तें मोजावें. शेजाऱ्यास पटवावयास तोच हिशेब पुरेल.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. आळ्यांत ओतलेलें पाणी कोठें जातें?
२. माती ओली झाल्यावर मडक्याचें झिरपणें कां मंदावतें?
३. काळ्या मातींत वाळू कां मिसळावी?