फाइलमध्ये नसलेली चाल

चि. ईशान यास,


रात्रभर तुझा लॅपटॉप चालू असतो, असं ताई फोनवर सांगत होती. बुद्धिबळातल्या बर्लिन बचावाच्या सगळ्या वाटा इंजिनाकडून काढून, फाइलमध्ये भरून ते ओपनिंग ‘संपवायचं’ तू ठरवलं आहेस म्हणे. तुझ्या चिकाटीचं मला कौतुक आहे, पण ते संपणार नाही रे. दोघांच्या दोन-दोन चालींतच डाव १,९७,२८१ तऱ्हांनी जाऊ शकतो. राजे धरून सात मोहरे उरलेल्या डावअखेरी २०१२ साली मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव्ह महासंगणकावर सोडवल्या गेल्या. तू खेळायला बसतोस तेव्हा पटावर बत्तीस असतात.

तुझा परवाचा हरलेला डाव मी पटावर मांडून पाहिला. अकराव्या चालीला समोरच्या मुलाने तुझ्या फाइलमध्ये नसलेलं काही साधंसं खेळलं. तू चाळीस मिनिटं घालवलीस आणि उंट देऊन घोडा घेतलास. तिथे मला फार वाईट वाटलं. बर्लिनमध्ये आठव्या चालीला वजीर जातात, काळ्याचा किल्लेकोट जातो, सी पट्टीवर प्यादी एकामागे एक येतात. त्या बदल्यात मिळतात ते दोन उंट. तीच काळ्याची पुंजी. शिवाय पांढऱ्याचं प्यादं ई५ला पुढे गेल्यामुळे एफ५, ई६ ही पांढरी घरं आपल्या मोहऱ्यांना मोकळी होतात. २००० साली लंडनला क्रामनिक याच भरवशावर कास्पारोव्हसमोर बसला. ती स्थिती चारदा आली, चारही डाव बरोबरीत सुटले आणि जगज्जेतेपद क्रामनिककडे गेलं. इंजिन हे कारण बोलून दाखवत नाही. ते ०.३ असा आकडा देतं आणि गप्प बसतं.

म्हणून महिनाभर एवढं कर. आठव्या चालीनंतरची स्थिती लाकडी पटावर मांड. पुढच्या प्रत्येक चालीचं कारण वहीत स्वतःच्या शब्दांत लिही. चुकलं तरी खोडू नकोस. मग इंजिन उघड. जिथे त्याचं आणि तुझं पटणार नाही, तिथेच थांब, बाकीचं सोडून दे. आणि त्याला फक्त सर्वोत्तम चाल विचारू नकोस. तुझ्या वयाची मुलं ज्या चाली खेळतात त्या स्वतः घालून बघ. गाठ त्यांच्याशीच पडणार आहे.

दिवाळीला येताना वही आण. लॅपटॉप घरीच राहू दे. पांढरे मी घेईन, आणि अकराव्या चालीला तुझ्या फाइलमध्ये नसलेलंच काहीतरी खेळेन.

तुझा,
मामा